ड्रायव्हरचं झाकण

१

"भिंगारपासून दौंडपर्यंत एक पाटी दाखव, जिच्यावर ह्या हाताचा रंग नाही," असं रंगनाथ पेंटर टपरीवर भेटेल त्या नव्या माणसाला ऐकवायचा. माणूस मान डोलवायला लागला की लगेच पुढं जोडायचा, "आणि एक पाटी दाखव, जिच्यात चूक नाही." शाळा चौथीपर्यंतच. पुढं शाळेत गेला तो भिंतींना चुना द्यायला. एका शिंप्याच्या पाटीवर त्यानं 'शिलाई'ची 'शिळाई' केली होती, पण शिंप्याला ते कधीच कळलं नाही, कारण शिंपी दुसरीतून पळालेला.

साठी उलटली तरी अंगातलं पोर काही म्हातारं झालं नव्हतं. भर दुपारी, लोक जेवून कलंडलेले असताना, गल्लीतल्या एखाद्या दारावर दोनदा ठोकायचं, थांबायचं, मग एकदा ठोकायचं, आणि कोपऱ्याआड उभं राहून दार उघडणाऱ्याचं तोंड बघायचं. ठक ठक. ठक. बायका आतूनच शिव्या घालायच्या. पण उठून दार उघडायच्याही, कारण न जाणो, खरंच कोणी आलं असलं तर. त्या 'न जाणो'वरच रंगनाथचं पोट भरायचं. पाट्यांवर भरायचं त्यापेक्षा जास्त.

ह्या विद्येत त्याला एकच शिष्य मिळाला. जालिंदर. आक्काबाईचा मुलगा. आक्काबाई रंगनाथच्या गावची, कर्जतकडची. सख्खी नव्हे, पण दर भाऊबीजेला एसटीनं येऊन ओवाळून जाणारी बहीण. जालिंदर लहानपणी सुट्टीत मामाकडं यायचा आणि मामाभाचे मिळून गल्ली वाजवायचे. पुढं तो मिलिटरीत रणगाड्यावर ड्रायव्हर झाला. शिकायला इथंच कॅम्पात होता. रविवारी जेवायला यायचा तेव्हा कडी कधी वाजवायचा नाही. तसंच ठोकायचा. मामी आतून म्हणायची, "आला तुमचा अवतार," आणि तव्यावर एक भाकरी जास्त टाकायची.

मग लढाई झाली. गेल्या साली, थंडीत. जालिंदरचा रणगाडा जळाला. घरी पत्र्याची ट्रंक आली, वर पांढऱ्या रंगात नाव घातलेली. जालिंदर आला नाही. त्याची राखसुद्धा आली नाही.

ह्या भाऊबीजेला आक्काबाई आली ती बोचक्यात एक लाकडी रणगाडा बांधून.

दुष्काळाचं साल. विहिरींना तळ दिसत होते, आक्का खडीच्या कामावर जात होती, ओवाळताना तिच्या तळहाताचे घट्टे निरांजनाच्या उजेडात चमकले. ओवाळून झाल्यावर तिनं बोचकं सोडलं. गावच्या कानिफनाथ सुतारानं ट्रंकेतल्या फोटोवरून केलेला, हातभर लांबीचा. कानिफनाथच्या हातचा पाट जन्मात कधी चौरस झाला नव्हता, पण हे काम बघून रंगनाथ गप्प झाला, आणि रंगनाथ गप्प होणं म्हणजे काय हे गल्लीला विचारा. लांब तोफ, फिरणारा बुरूज, खाचा पाडलेले पट्टे. पुढच्या उतारावर ड्रायव्हरचं झाकण, आठाण्याएवढं, चामड्याच्या बारक्या बिजागरीवर उघडणारं. त्याच्याखाली बघायची फट, नखाच्या कडेएवढी. आत पोकळ.

"वर्साच्या दिवशी पाटावर ठिवायला कायतरी पायजे ना, दादा," आक्का म्हणाली. "भटजी म्हनतो दर्भाचा पुतळा करू. दर्भाचा करून मी काय करू? ओवाळनी नगं मला. एवढा रंगवून दे. आन् ब्रशची रेघ दिसाय नगं. खऱ्यावर रेघ नस्ती. जालू कॅम्पात हुता तवा मी हात फिरवून बघितलाय."

"फवाऱ्यानं मारावा लागंल मग. ते काय आपलं काम न्हाई गं."

"शीक की. का म्हातारा झालास?"

ते त्याला बरोबर लागलं.

"आन् ह्ये झाकन मोकळं ठिव. चिकटू दिऊ नगंस."

"का गं, आत कोंबडी खुडूक बसवायचीय?"

"मोकळं ठिव म्हनलं ना."

२

आता ही गंमत त्यानं केली नसती तर बरं झालं असतं, असं त्याची बायको पुष्पावती पुढं म्हणायची. पण पुष्पावतीचं ऐकून वागायला लागला असता तर तो रंगनाथ कसला.

चहा झाला. रणगाडा लाकडी टेबलावर होता, आक्का त्याच्याकडं बघत बशीतून चहा पीत होती. रंगनाथ समोर बसला होता. त्याच्या बोटात तांब्याची अंगठी. त्यानं हात हळूच टेबलाखाली घेतला.

ठक ठक. ठक.

चांगला माणूस दचकतो, ओरडतो, बशी सांडतो. आक्कानं ह्यातलं काहीच केलं नाही. तिनं बशी खाली ठेवली, पुढं वाकली, आणि त्या आठाण्याएवढ्या झाकणापाशी कान नेला.

"जालू?" ती म्हणाली. अगदी हळू, जेवायला उठवावं तसं.

रंगनाथ खोकला लागेपर्यंत हसला. हात वर काढून त्यानं अंगठी नाचवून दाखवली. चुलीपाशी पुष्पावतीनं कपाळाला हात लावला.

आक्का रागावली नाही. सरळ बसली. पदराच्या टोकानं टेबलावरचा चहाचा थेंब पुसला.

"असंच," ती म्हणाली.

"काय असंच?"

"असंच ठोकत हुता म्हनं. त्याचा सोबती आला हुता शिमग्याला, त्यानं सांगितलं. तोफ नेमकी झाकनावर यून अडकली हुती. फिरंना. भाईर ही समदी हुबी, पन धग अशी की जवळ जाता यीना. आतनं लोखंडी पान्यानं ठोकत हुता. दोनदा, मंग येकदा. त्यो म्हनला, काकू, ही कसली खून हाय आमाला कुनाला कळंना." तिनं बशी उचलली, चहा गार झाला होता तरी संपवला. "म्या म्हनलं, मला ठावं हाय."

चुलीत एक काटकी फुटली. रंगनाथचा अंगठीचा हात पुन्हा टेबलाखाली गेला होता. तो वर कसा काढावा हे त्याला कळेना.

"लई येळ ठोकत हुता म्हनं," आक्का म्हणाली. "येते मी वर्साच्या आधी."

३

छगनची शेड भिंगार नाक्याच्या पुढं. ट्रकचे पत्रे ठोकायचे, रंगवायचे. छगन रंगनाथच्या निम्म्या वयाचा, पण त्याच्याकडं पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर होता आणि फवाऱ्याची गन होती, आणि ज्याच्याकडं गन त्याला वय विचारत नाहीत.

"आयुष्यभर हिला नावं ठेवलीस, पेंटर," छगन म्हणाला. "म्हणायचास, रंग मारावा हातानं, थुंकू नये."

"थुंकायलाच शिकव आता."

त्यानं शिकवलं. हिरव्या रंगाआधी लाकडाला खरं तर पांढरं अस्तर, पण छगनकडं लोखंडाचं तांबडंच होतं आणि रणगाड्याला तेच शोभेल असं दोघांचं ठरलं. अस्तर थिनरमध्ये दुधासारखं पातळ केलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. गन वीतभर लांब धरायची. फवारा वस्तूच्या आधी सुरू करायचा आणि वस्तू संपल्यावर बंद करायचा. हात चालता ठेवायचा. थांबलास की ओघळ.

"आणि ही भोकं बुजव आधी."

"झाकण मोकळं ठेवायला सांगितलंय बहिणीनं."

"ठेव की. मग फवारा आत शिरल, आतला भुसा उडून बाहेर येईल आणि ओल्या अस्तरावर बसल. पुरणपोळीवर खसखस टाकल्यासारखा. चालंल तुझ्या बहिणीला?"

पेंटर लोकांची ही रीतच. जिथं रंग नको तिथं कागद. ट्रक रंगवताना काचा झाकतात, दिवे झाकतात, चाकं झाकतात, त्यात विचार करण्यासारखं काय आहे. रंगनाथनं जुनं वर्तमानपत्र फाडलं, बोळे केले, बुरुजातून आत कोंबले, झाकणातून कोंबले, काडीनं चांगले ठासले. झाकण मिटलं. कडेनं मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, पिठाची खळ लावली. माणसं मिलोच्या भाकरी नाक मुरडत खात होती त्या साली, खळीला मात्र मिलो एक नंबर. बघायची फट बोळा जाईल एवढी मोठी नव्हती, ती तशीच राहिली. वाळलं की कडेनं पातं फिरवू, झाकण टचकन सुटेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. छगनलाही सांगितलं. दोनदा.

रणगाडा उपड्या ऑइलच्या पिंपावर ठेवला. कॉम्प्रेसर धडधडायला लागला.

पहिला हात जुन्या पत्र्यावर गेला आणि ओघळ आले. दुसऱ्यालाही आले. तिसऱ्याला रंगनाथच्या मनगटाला काहीतरी उमगलं, आणि तो रणगाड्याकडं वळला.

काय सांगावं. चाळीस वर्षं ब्रश ओढून ओढून जे कधी झालं नव्हतं ते श्वासाइतकं सहज झालं. तांबडं धुकं उठलं आणि बसलं. तोफेवर, बुरुजावर, पट्ट्यांच्या खाचांत. लाकूड लाकूड राहिलं नाही. कानिफनाथच्या रंध्याच्या खुणा गेल्या, खळीची कड गेली, झाकणाची फटसुद्धा भरून गेली, जणू तिथं कधी झाकण नव्हतंच. छगननं कॉम्प्रेसर बंद केला आणि पिंपाभोवती एक फेरी मारली.

"पहिलटकराचा हात वाटत नाही," शेवटी म्हणाला.

रंगनाथला ते इतकं गोड लागलं की त्यावर चिमटा काढायचं राहून गेलं.

त्या कोरड्या हवेत अस्तर बघता बघता वाळत होतं. चमक मरत होती, विटेसारखा मंद रंग होत होता. सगळीकडं. फक्त पुढं, बघायच्या फटीभोवती, एक रुपयाएवढा ठिपका ओला राहिला होता. रंगनाथ वाकून बघत राहिला. ठिपका मंदावला. मग पुन्हा ओला चमकला. मंदावला. चमकला. आरशापाशी तोंड नेल्यावर काच जशी होते, तसा.

"थिनर जास्त झालं असंल तिथं," छगन म्हणाला, आणि जेवायला घरी गेला.

४

शेडमध्ये रंगनाथ एकटा. पत्रा तापून कडकड वाजत होता. कॉम्प्रेसरच्या पट्ट्यातून अजून ऊन रबराचा वास येत होता. बाहेर रस्त्यावरून एक रिकामी बैलगाडी गेली आणि तिची धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

ठक ठक.

त्यानं विडी काढली होती, ती तशीच हातात राहिली.

ठक.

"छगन," तो म्हणाला. आवाजात कौतुक होतं. आक्काची गंमत ह्या लेकानं पुष्पावतीकडून ऐकली असणार आणि आज परतफेड करतोय. चांगला डाव. रंगनाथ पिंपाला वळसा घालून आला. शेडच्या मागं बघितलं. पत्र्यावर कान ठेवला, कान भाजला. कोणी नव्हतं. नाक्यापर्यंतचा रस्ता सरळ दिसत होता आणि त्या रस्त्यावर लांब छगनची पाठ घराकडं चालली होती.

मग भुंगा असेल. कानिफनाथनं जुन्या चौकटीचं लाकूड वापरलं असणार, त्यात भुंगा असतोच. पण भुंगा कुरतडतो, ठोकत नाही. मग लाकूड आळत असेल. ह्या हवेत दारं आळतात, तुळया वाजतात, घरातलं कपाट वाजतं. बरोबर. कपाट मात्र दोनदा वाजून, थांबून, मग एकदा वाजत नाही, हे त्याला आठवलं आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

त्यानं रणगाडा खालून, न रंगवलेल्या बाजूनं, दोन्ही तळव्यांवर उचलला. पिंपाचा काही खेळ असेल तर कळेल.

तळव्यावर कळलं. अंड्यातल्या पिल्लासारखं. आतून.

कोणीही टाकून दिला असता. रंगनाथनं टाकला नाही. त्यानं तो फार हलक्या हातानं पिंपावर परत ठेवला, कड घासू नये म्हणून. कारण अस्तर अजून पुरतं आळलं नव्हतं.

छगनचं पातं बाकावर पडलं होतं. ते घेऊन त्यानं टोक झाकणाच्या जागी टेकवलं. जागा शोधावी लागली, इतकं ते एकजीव झालं होतं. थोडं दाबलं. तिळाएवढा टवका उडाला आणि खालचं पांढरं लाकूड दिसलं.

रंगनाथचा हात थांबला.

त्या आख्ख्या तांबड्या मखमलीवर तो एकच पांढरा तीळ. अजून दाबलं तर कड फाटणार, खपली निघणार, बोटभर जागा खराब होणार. पुन्हा मारलं तरी तो पहिला हात काही परत येत नाही. साठ वर्षांत एक काम असं झालं होतं की ज्यात चूक नव्हती. छगन जेवून येणार, नाक्यावरचे दोघंचौघं बघायला येणार. एकदा बघू तर देत. मग उघडू. हिरवा बसला की उघडू.

ठक ठक. ठक.

"वाळू दे की रं जरा," तो म्हणाला. थट्टेच्या सुरात, जालिंदर लहान असताना दाराबाहेर उतावीळ व्हायचा तेव्हा म्हणायचा तसा. आणि पातं ठेवून तो बाहेर जाऊन एका ट्रकच्या टायरवर बसला.

तिथूनही ऐकू येत होतं. आपण कोणाशी बोललो हा विचार त्यानं केला नाही, विडी पेटवायचा केला. काडी विझली. दुसरी विझली. वारा तर नव्हता. आत दोनदा, मग एकदा. दोनदा, मग एकदा. रस्त्यानं खडीच्या कामावरून बायका चालल्या होत्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या, त्यांच्याकडं बघून त्यानं एकीच्या चालण्याची नक्कल केली आणि त्या हसल्या. हसत गेल्या. मग रस्ता रिकामा झाला आणि आत फक्त दोनदाच वाजलं. एकदाची तो वाट बघत बसला. ते फार उशिरा आलं. नखानं केल्यासारखं.

मग नुसतंच एकदा.

मग पत्रा कडकडला, आणि तो थांबल्यावर काहीच वाजलं नाही.

रंगनाथला एकदम मोकळं वाटलं. आळलं असेल लाकूड, आळायचं तेवढं. उठून आत गेला, वाकून बघितलं. फटीभोवतीचा ठिपकाही वाळला होता. आता सगळीकडं एकच रंग.

५

उन्हं कलताना आक्काबाई आली. एसटीतून उतरून घरी गेली होती, पुष्पावतीनं इकडं पाठवलं. छगन जेवून आला होता आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून बसला होता.

आक्कानं रणगाडा बघितला. जवळ गेली, तोफेवरून बोट फिरवलं, बुरुजावरून फिरवलं. बोट कुठंही अडलं नाही.

"रेघ न्हाई," ती म्हणाली.

"एक पन न्हाई," रंगनाथ म्हणाला. छाती फुगलीच त्याची, काय करणार.

"खऱ्या गाडीवानीच झालाय."

"पेंटरनं पहिल्या हातात काढलाय, काकू," छगन म्हणाला. "माझं नाक कापलं."

आक्काचं बोट उतारावर आलं आणि तिथं थांबलं. तिनं नखानं चाचपलं. तो पांढरा तीळ तिला सापडला.

"झाकन?"

"तिथंच हाय की. रंगाखाली. हिरवा बसला की पातं फिरवतो, टचकन—"

"मोकळं ठिव म्हनलं हुतं."

"अगं, रीतच हाय ती. फवाऱ्याला बुजवावंच लागतं. इचार ह्याला."

छगन पट्ट्याकडं बघू लागला.

आक्कानं बाकावरचं पातं उचललं. खडी फोडणारे हात, त्यांना कडेबिडेची फिकीर नव्हती. तांबड्या खपल्या उडाल्या. रंगनाथच्या तोंडून "हळू" निघालं, आणि आपण ते कशासाठी म्हणालो हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. चामड्याची बिजागरी तुटली. झाकण सुटून तिच्या तळहातावर पडलं, उलटं.

आतली बाजू. तिथं फवारा गेला नव्हता, जाणं शक्य नव्हतं. कोरं लाकूड असायला हवं होतं. त्यावर तांबडे ठसे होते. ज्वारीच्या दाण्याहून लहान, एकावर एक, एकावर एक, मधोमध इतके दाट की लाकूड दिसत नव्हतं. कडेला विरळ होत गेलेले. शेवटचा एक लांब, खाली ओढत गेलेला.

रंगनाथनं भोकातून आत बघितलं. बोळे त्यानं काडीनं ठासून भरले होते. आता ते सगळे एका कोपऱ्यात सारले होते, दाबून दाबून बसकी जागा केली होती. आणि त्या जागेत काहीतरी टेकून होतं, जळक्या काडीएवढं, काळं. उजेड पडला तसं ते हळूच एका अंगावर कलंडलं.

आक्कानं भोकावर पदर टाकला. रणगाडा उचलून छातीशी घेतला, आणि ओल्या अस्तराचा तांबडा डाग तिच्या लुगड्यावर उमटला. इतका वेळ वाळलेलं अस्तर ओलं कसं, हे विचारायला शेडमध्ये तिसरं कोणी उरलं नव्हतं. छगन केव्हाच बाहेर जाऊन उभा राहिला होता.

रंगनाथ हसला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"लाकूड गं ते, आक्के," तो म्हणाला. "असल्या कोरड्या हवेत लाकूड वाजतंच. दुपारभर वाजत हुतं. मी म्हनलं, आळतंय."

आक्कानं त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"वाजत हुतं," ती म्हणाली, "तवा तू कुठं हुतास, दादा?"